बसऱ्याच्या डाव्या कानातला मंत्र

चिंचपोकळीच्या पुलापासून लालबागच्या नाक्यापर्यंत कोणालाही विचारा, कोंडीराम व्हिक्टोरियावाला घोड्याच्या डाव्या कानात मंत्र मारतो असंच सांगतील. सांगताना आवाज खाली घेतील, मान पुढे काढतील, आणि प्रत्येकाचा मंत्र वेगळा निघेल. भाजीवाली मीराबाई म्हणते, "अगो, अरबी मंत्र तो! घोडा बसऱ्याचा, त्याला आपलं काय कळणार?" इस्त्रीवाला जगदीश म्हणतो, "अरबी नाय काय नाय. त्याच्या आज्याचा मंत्र हाय. बापाला नाय दिला, ह्याला दिला." दोघांचेही आवाज काढायला सोपे, म्हणून प्रस्तुत लेखकाने ही बातमी दोन्ही आवाजांत तीन चाळींत पोचवली. हा गुन्हा आधीच कबूल केलेला बरा.

तर मंत्र नाही. कोंडीराम मंत्राच्या वाऱ्याला उभा राहत नाही. छप्पन सालच्या डिसेंबरात, दादरच्या चौपाटीवर सगळी मुंबई रडत उभी होती त्या दिवशी, त्याने हजारोंबरोबर धम्म घेतला. घरी आला, फळीवरचे देव उतरवले, दारावरची काळी बाहुली काढली, आणि मग तबेल्यात जाऊन राघूच्या, म्हणजे गाडीच्या जुन्या घोड्याच्या, गळ्यातला काळा दोराही कापला. राघू दोन दिवस मान हलवून बघत होता, हलकं हलकं काय झालंय म्हणून.

तरी कानात तो काहीतरी बोलतो, हे खरं. काय बोलतो, ते सांगायचं तर घोडा कसा आला ते सांगायला हवं.

कोंडीरामला मूळची एकच खोड, विचारण्याची. गाडीत बसलेल्या डॉक्टरला तो विचारायचा, "सायेब, जांभई एकाला आली की दुसऱ्याला का येते?" नवरानवरी बसली तर नवऱ्याला विचारायचा, "फेटा स्वतः बांधला का बांधून घेतला?" एकदा एका पारशी म्हातारीला त्याने भायखळ्यापासून परळपर्यंत इतके प्रश्न विचारले की उतरताना ती म्हणाली, "डिकरा, हवे तू पाछळ बेस, हूं हांकूं," म्हणजे आता तू मागे बस, मी हाकते. त्याला उत्तर नाही मिळालं तर झोप लागत नसे. शेवंती, त्याची बायको, गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. ती म्हणायची, "ह्यांच्या डोक्यात पाळीच संपत नाय. तिन्ही पाळ्या चालू."

अठ्ठावन्नच्या थंडीत राघूचा पुढचा पाय गेला. रामजी नालबंदाने खूर हातात धरला, दाबला, सोडला, आणि मान हलवली. राघू पांजरपोळात गेला. गाडी चिंचपोकळीच्या तबेल्यात दांड्या जमिनीला टेकवून पडली, आणि कोंडीराम रोज सकाळी जाऊन तिचे पितळी कंदील पुसून येऊ लागला, कारण दुसरं पुसायला काही नव्हतं.

घर शेवंतीच्या पगारावर चालू होतं. घोडा घ्यायचा तर एकच घेता येणार, आणि तो वाया गेला तर गाडीही जाणार. मग कोंडीरामला गिरणीच्या दारात बदली कामगार म्हणून उभं राहावं लागणार, चाळिशी उलटल्यावर, विशीतल्या पोरांच्या रांगेत. तरुणपणी एकदा तो तीन महिने गिरणीत होता. जॉबरला, म्हणजे खात्याच्या मुकादमाला, "हा पट्टा उलटा का फिरतो" असं विचारल्यावरून त्याला काढलं होतं.

त्याच आठवड्यात भायखळ्याच्या तबेल्यातल्या कासमभाईचा निरोप आला. घोडा आहे. बसऱ्याहून बोटीने आलेला. रेसला म्हणून आणला, पण उंचीत दोन बोटं कमी भरला, म्हणून पडून आहे. किंमतही अशी की ऐकणारा आधी खूश होतो, मग गप्प होतो.

कोंडीराम गेला. घोडा राखाडी, मान कमानीसारखी, कान पिंपळाच्या पानासारखे हलते. कोंडीराम त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि सुरू झाला. बोटीवर किती दिवस होता? उभा होता का आडवा? पाणी कुठलं प्यायला, तिकडचं की आपलं? तिकडे हरभरा मिळतो का? नाही? मग खजूर खातो? बी काढून की बीसकट? चल म्हणायला तिकडे काय म्हणतात? दमट हवेत त्याला घाम कुठे आधी येतो, मानेला की पोटाला?

कासमभाईने सुपारी कातरायची थांबवली. "कोंडीभाय, घोडा लेना है की लडकी देनी है?"

"दुसऱ्या मुलखातनं आलाय, कासमभाय. इचारायला नको?"

"तो उसको पूछो ना. मेरेको कायको पूछता है?"

"एकच शेवटचं इचारतो. एवढा स्वस्त का?"

कासमभाई उठला. घोड्याच्या डाव्या गालाकडे गेला आणि डोळ्याच्या खाली बोट ठेवलं. तिथे केसांचा भोवरा होता, बरोबर आसू ओघळतो त्या जागी. "ये देखो. रोनेवाला भवरा. झूठ नहीं बोलूंगा. दो गिराइक देख के भागे. एक ले गया, चार दिन में वापस लाया. बोला, सुनसान गल्ली में लात मार के गाडी तोड दी."

घोडेवाल्यांत हे शास्त्र जुनं. गळ्यावरच्या भोवऱ्याला देवमण म्हणतात, तो असला की मालकाची भरभराट. डोळ्याखालच्याला आसूढाळ म्हणतात, आणि तो घोडा दारात बांधला की घरात रडणं ठरलेलं. कोंडीरामच्या बापाने एका आसूढाळापायी हाताशी आलेला उमदा घोडा सोडला होता, हे कोंडीरामने लहानपणापासून शंभर वेळा ऐकलेलं. कासमभाईने बोट ठेवलं त्याबरोबर कोंडीराम एक पाऊल मागे सरला, आणि सरला म्हणून त्याला स्वतःचाच राग आला. देव उतरवले, बाहुली उतरवली, आणि आता केसांच्या गुंडाळीला भ्यायचं?

त्याने तिथल्या तिथे ठरवलं की भोवरा बघायचाच नाही. मोजायचा नाही, विचारायचा नाही, त्या गालाकडे नजरसुद्धा टाकायची नाही.

आणि ठरवलं ते पाळलं. दुसऱ्या दिवशी गेला तो उजव्या बाजूने. दात बघितले, सहा वर्षांचा. खूर उचलून बघितले, दगडी रस्त्याला टिकतील असे, घट्ट. पाण्याची बादली जमिनीवर ठेवली. घोडा पुढचे पाय न वाकवता मान खाली घालून प्यायला, म्हणजे अंगाने सरळ. छातीला कान लावून श्वास मोजला. चंदीत हरभरा टाकला, घोड्याने आधी हुंगला, मग एक दाणा ओठाने बाजूला करून बघितला, मग सगळा खाल्ला. "माझ्यासारखाच हाय," कोंडीराम खूश होऊन म्हणाला, "इचारून खातो." तिसऱ्या दिवशी त्याला लगाम लावून फिरवला. फिरवताना त्याचं तोंड डावीकडे आलं की कोंडीराम आकाशात बघायचा. कासमभाईच्या तबेल्यातली माणसं एकमेकांना कोपर मारायला लागली.

चाळीत तोवर सभा बसली होती. संध्याकाळी नळावर, जिन्यात, गॅलरीत, बसऱ्याच्या घोड्यावर तोच जोर, जो संयुक्त महाराष्ट्रावर. जगदीश म्हणाला, "आपण आपल्या राज्यासाठी घसा फोडतोय, आणि हा घोडा परदेशातनं आणतोय! भीमथडी तट्टू काय मेले काय?"

"घोड्याला कुठं मत द्यायचंय?" कोंडीराम म्हणाला.

"मराठी तरी कळलं पायजे ना त्याला!"

"तुझ्या इस्त्रीला कळतं?"

रामजी नालबंद मात्र हसला नाही. कोकणातल्या एका संस्थानाच्या पागेत त्याची वीस वर्षं गेली होती, आणि घोड्याच्या बाबतीत चाळीत त्याचा शब्द शेवटचा. तो पायरीवर बसून विडी शिलगावत म्हणाला, "मेल्या कोंड्या, दात बघितलंस, खूर बघितलंस. आणि आसूढाळ बघून न बघितल्यासारखा केलंस. तुझ्या बायलेक रडुचा लागतला."

"रामजीबाबा, केसाचा भोवरा हाय तो. माझ्या डोस्क्यात बी हाय, तुमच्या बी हाय."

"माझ्या डोक्यार आता केसच नाय! पण पागेतले घोडे मी बघितलंय. माका शिकवू नको."

"पागेत आसूढाळाचा घोडा होता?"

"आमी घेवकच नाय!"

"मग तो रडवतो हे कळलं कसं?"

रामजीने विडी उलटी धरली, चटका बसला, आणि शिव्या कोंडीरामला दिल्या. पण रात्रभर कोंडीरामला वाटत राहिलं की रामजीने एक गोष्ट बरोबर सांगितली, आपण बघून न बघितल्यासारखं केलं. एक घोडेवाला चार दिवसांत घोडा परत आणतो, तो काय नुसत्या केसांना भिऊन? सुनसान गल्लीत लाथ का मारली? हा प्रश्न त्याने कोणाला विचारला नव्हता. विचारला असता तर उत्तर भोवऱ्यापाशी गेलं असतं, आणि भोवऱ्यापाशी तो जाणार नव्हता.

रविवारी गिरणी बंद. शेवंती म्हणाली, "चला, मी बी बघते. पैसा माझा बी हाय, रडायची पाळी बी माझीच सांगतायत."

ती तबेल्यात आली आणि सरळ घोड्याच्या डाव्या बाजूला गेली. कोंडीरामने सवयीने वर छताकडे बघितलं. शेवंतीच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या, भरपूर. किणकिणत ती जवळ गेली, घोड्याने त्या बाजूचा कान वळवला, पण पाय हलवला नाही. तिने गालावर हात ठेवला. घोडा शांत. एवढ्यात तबेल्यातली झाडूवाली राधाबाई त्याच बाजूने आली, अनवाणी, गवतावरून, तोंडातून अक्षर नाही. तिचा पदर घोड्याच्या पोटाला लागला मात्र, घोड्याने अशी लाथ झाडली की बादली उडून भिंतीवर आदळली.

"आई ग!" राधाबाई दारात जाऊन पडता पडता राहिली.

"देखा!" कासमभाई लांबूनच ओरडला. "बोला था ना मैं!"

शेवंती हलली नाही. तिने हळूच बांगड्या वर सरकवून घट्ट बसवल्या, आवाज होऊ दिला नाही, आणि एक हात घोड्याच्या डाव्या डोळ्यासमोर नेला. एक बोट, दोन बोटं, अख्खा पंजा. पापणी हलली नाही. मग तिने हात उजव्या बाजूला नेला. पापणी फडफडली.

"अवो," ती म्हणाली, "ह्याला ह्या बाजूनं दिसत नाय."

कोंडीरामने मान खाली आणली. चार दिवसांत पहिल्यांदा तो डाव्या बाजूला गेला, भोवऱ्याच्या अगदी जवळ, आणि वरती डोळ्यात बघितलं. बुबुळाच्या खोल आत, पाण्यात दुधाचा थेंब पडावा तसं काहीतरी होतं.

"तुमी दात बघितले, खूर बघितले, पाणी पाजलं," शेवंती म्हणाली. "भोवरा मानायचा नाय म्हणून डोळा बी बघायचा नाय व्हय?"

कोंडीराम तो डोळा पुन्हा पुन्हा बघत राहिला. मानणारे भोवऱ्यापाशी थांबले, तो भोवऱ्याच्या अलीकडेच थांबला, आणि डोळा बघितला तो जिला भोवऱ्याशी देणंघेणं नव्हतं तिने. हे त्याने नंतर स्वतःच चाळीत सांगितलं, नाहीतर कोणाला कळणार होतं?

आता सौदा मोडणार असं चाळीत सगळ्यांना वाटलं. रामजी तर म्हणाला, "बघ! भोवरो खोटो नाय. देवान खूण केली हुती!" पण कोंडीराम आता खरा जागा झाला होता. आंधळा कोपरा आहे, ठीक. त्या कोपऱ्यातून काय आलं तर घोडा भितो, हा प्रश्न राहिलाच. दोन दिवस तो आणि शेवंती तबेल्यात जाऊन डाव्या बाजूने वेगवेगळं करून बघत होते. डबा वाजवला, घोडा उभा. खोकून गेले, घोडा उभा. शेवंती जात्यावरची ओवी म्हणत गेली, घोड्याने तिच्या खांद्यावर तोंड ठेवलं. गप्प गेले की लाथ.

"हा आवाजाला भीत नाय, शेवंते," कोंडीराम म्हणाला. त्याचे डोळे लकाकत होते. "हा आवाज नसला की भितो. आवाज आला तर कोण आलं ते कळतं. गुपचूप आलेलं कळत नाय."

"मग त्या सुनसान गल्लीत..."

"तिथं भिणारच. आणि आपल्या लालबागात गुपचूप काय हाय? ट्राम, भोंगा, मीराबाई."

गाडीच्या घोड्याला दोन्ही डोळ्यांना झापडं असतातच. कोणाही घोड्याला बाजूचं दिसत नाही. म्हणजे बसऱ्याचा, चाळीने घोड्याचं नाव तेच पाडलं होतं, डोळा गेला तो नेमका तिथलाच, जिथलं गाडीला लागत नाही. पटण्यासारखं होतं. पण पटणं वेगळं आणि राघूच्या जागी तो घोडा दांड्यांत उभा करणं वेगळं. कासमभाईने एक दिवस घोडा गाडीला लावून बघायची परवानगी दिली. तो दिवस मोर्च्याचा निघाला.

इथे प्रस्तुत लेखक मध्ये पडला. त्याने आदल्या संध्याकाळी गॅलरीत उभं राहून ट्रामची घंटा, गिरणीचा भोंगा, पोलिसाची शिट्टी आणि कासमभाईचं "झूठ नहीं बोलूंगा" असं सगळं तोंडाने काढून दाखवलं आणि म्हणाला, "कोंडीमामा, हे एकेक ठीक. पण मोर्चा म्हणजे सगळं एकदम. तुमचा बसऱ्या उधळणार. पैज."

"लाव," कोंडीराम म्हणाला. "उधळला तर राणीच्या बागेपर्यंत लगाम तुझ्या हातात. नाय उधळला तर?"

"सांगाल ते."

कोंडीरामने डोकं खाजवलं. जिन्यातून शेवंतीच म्हणाली, "आठ दिवस स्वतःच्या आवाजात बोलायचं. एक नक्कल नाय." चाळ अशी हसली की पैज तिथेच पक्की झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी लालबागच्या नाक्यावर गाडी कडेला उभी होती. कोंडीराम खाली उतरून घोड्याच्या डाव्या बाजूला उभा, शेवंती मागे गाडीत, रामजी समोरच्या दुकानाच्या फळीवर, बघायला नाही, नुसता बसायला. परळकडून मोर्चा आला. आधी ताशा, मग बाया, मग गिरण्यांची खातीच्या खाती. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र!" पुढून हाक, आणि मागून हजार घशांनी, "झालाच पाहिजे!" दुकानांच्या काचा थरथरत होत्या. बसऱ्याने कान पुढे केले, मागे केले, एकदा फुरफुरला, आणि दांडीवर बांधलेल्या गवताच्या पेंढीतून एक काडी ओढून चघळत उभा राहिला. जणू बसऱ्यातही रोज हेच चालतं. प्रस्तुत लेखकाचं तोंड तेव्हाच उतरलं होतं.

मग मोर्चा थांबला. कोणीतरी पुढे हात वर केला. गोळीबारात गेलेल्यांसाठी दोन मिनिटं उभं राहायचं होतं. ताशा थांबला, ट्राम थांबली, मीराबाईसुद्धा गप्प झाली. एवढ्या मोठ्या रस्त्यावर, भर दुपारी, एक आवाज नाही.

बसऱ्याच्या अंगावर लाट गेल्यासारखी कातडी थरथरली. कान सपाट झाले. मागचा पाय जमिनीवरून उचलला गेला, तसाच अधांतरी राहिला. डाव्या बाजूला, ज्या बाजूने त्याला काही दिसत नव्हतं, त्या बाजूला शेकडो माणसं होती आणि एकाचाही श्वास ऐकू येत नव्हता. शेवंतीने गाडीची कड दोन्ही हातांनी धरली. बांगड्या वाजवायच्या की नाही, तिला कळेना.

कोंडीरामने तोंड घोड्याच्या डाव्या कानाला लावलं आणि बोलायला लागला. हळू, एकसारखं, न थांबता. समोरचा एक म्हातारा डोळे वटारून बघत होता, कोंडीरामने त्याच्याकडे बघितलं नाही. लोकांना दिसलं ते एवढंच, की सगळा रस्ता मुका आहे आणि एक माणूस घोड्याच्या कानात पुटपुटतोय, आणि घोड्याचा उचललेला पाय हळूहळू खाली येतोय. मंत्र तिथे जन्मला.

शेवंती जवळ होती. तिने ऐकलं ते असं: "उभा ऱ्हा बाबा. माणसं हायत. गप झालीत, कुठं गेली नाहीत. हा मी. ही शेवंती मागं. हा समोर रामजी, विडी विझलीय त्याची. डावीकडं गिरणीची माणसं. तुझ्यासारखीच दमलेली. आत्ता बोलतील बघ. आत्ता बोलतील."

आणि मग ती बोलली, सगळी एकदम, आणि बसऱ्याने कान सोडले आणि उरलेली काडी खाल्ली.

रामजी फळीवरून उतरला, घोड्याच्या डाव्या बाजूला गेला, जाताना मोठ्याने खोकला, आणि भोवऱ्याला हात न लावता खूर उचलून म्हणाला, "नाल ढिलो झालो हा. उद्या सकाळीच आण."

सौदा त्याच संध्याकाळी झाला. आजही गाडी निघायच्या आधी कोंडीराम डाव्या कानात रस्ता सांगतो, आता पूल, आता ट्राम, आता खड्डा, आणि लोक त्याला मंत्र म्हणतात. तो लोकांना सांगून सांगून थकला, आता विचारतो, "तुमाला ऐकू आला का? काय म्हणालो सांगा बरं."

पैज मात्र पुरी करावी लागली. तिसऱ्या दिवशी तबेल्याच्या दारात प्रस्तुत लेखकाच्या तोंडून कासमभाईचं "झूठ नहीं बोलूंगा" चुकून निघून गेलं. बसऱ्याने मान वळवून कासमभाईला शोधलं, सापडला नाही, आणि त्याने अर्धा तास दांड्यांत पाय टाकला नाही. कोंडीरामने आणखी आठ दिवस वाढवले. सोळाच्या सोळा दिवस चाळीतली म्हातारी माणसं येता जाता विचारत होती, "काय रे, बरा नाहीस का?"